कॅश ऑन डिलिव्हरी

कॅश ऑन डिलिव्हरी, संक्षेपाने सीओडी, ही ऑनलाइन खरेदीचे पैसे चुकते करण्याची एक पद्धत आहे. या पद्धतीत ग्राहक मागणी नोंदवताना काहीही रक्कम भरत नाही. वस्तू घरी पोचल्यावर ती आणून देणाऱ्याच्या हाती रोख पैसे देतो. नावात ‘कॅश’ हा शब्द आधी येत असला, तरी पद्धतीचे मर्म ‘डिलिव्हरी’ या शब्दात आहे. एकमेकांना कधीही न पाहिलेल्या ग्राहक आणि विक्रेता यांच्यापैकी आधी विश्वास कोणी टाकायचा, हा दूरस्थ व्यापारातील मूळ प्रश्न असतो. आगाऊ पैसे भरल्यास माल न येण्याची जोखीम ग्राहकाची असते. सीओडीत माल पाठवूनही पैसे न मिळण्याची जोखीम विक्रेत्याकडे जाते. भारतात ऑनलाइन खरेदी रुजण्यात या पद्धतीचा वाटा मोठा आहे.

पूर्वपीठिका

ही कल्पना इंटरनेटइतकी नवी नाही. भारतीय टपालखात्याने १८७७ मध्ये व्हॅल्यू पेएबल पोस्ट, म्हणजेच व्हीपीपी, ही सेवा सुरू केली. विक्रेता पार्सलवर वसूल करावयाची रक्कम नोंदवून ते टपालात देई; पोस्टमन ती रक्कम घेऊनच पार्सल ग्राहकाच्या स्वाधीन करी आणि वसूल झालेले पैसे पुढे मनीऑर्डरने विक्रेत्याला पोचत. लहान गावांतील मराठी वाचकांपर्यंत पुणे-मुंबईच्या प्रकाशकांची पुस्तके पोचण्याचा हा एक नेहमीचा मार्ग होता. ‘व्ही. पी. सोडवून घेणे’ हा शब्दप्रयोग त्यातूनच मराठीत रूढ झाला.

आजच्या सीओडीचे बहुतेक प्रश्न त्या काळच्या कायद्यातही दिसतात, हे लक्षणीय आहे. भारतीय टपाल कार्यालय अधिनियम, १८९८ मधील कलम ३४ नुसार, ग्राहकाकडून प्रत्यक्ष रक्कम हाती येईपर्यंत तिच्याबद्दल सरकारवर कोणतेही दायित्व नव्हते. कलम ३५ ने नियम करण्याचे जे अधिकार दिले, त्यांत दोन तरतुदी महत्त्वाच्या होत्या. पार्सल खऱ्याखुऱ्या मागणीनुसारच पाठवले जात आहे, असे पाठवणाऱ्याकडून लिहून घेता येत असे. आणि फसवणूक झाल्यास वसूल केलेली रक्कम रोखून ती ग्राहकाला परत देता येत असे. न मागवलेले पार्सल गळ्यात मारण्याचा प्रकार तेव्हाही अपरिचित नव्हता, असे यावरून दिसते.

ऑनलाइन बाजारपेठेतील प्रवेश

फ्लिपकार्ट ही कंपनी २००७ मध्ये बंगळूरु येथे पुस्तकविक्रीपासून सुरू झाली. त्या काळी क्रेडिट कार्ड मोजक्या लोकांकडे होते आणि डेबिट कार्डाचा उपयोग मुख्यतः एटीएममधून पैसे काढण्यापुरता होता. त्यातच रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्डव्यवहारांसाठी अतिरिक्त पडताळणी सक्तीची केली. सुरक्षेच्या दृष्टीने हे पाऊल योग्यच होते. परंतु मंद इंटरनेटवर पडताळणीचे पान मध्येच अडकले, की खात्यातून पैसे वजा होत आणि मागणी मात्र नोंदली जात नसे. फ्लिपकार्टने २०१० मध्ये सीओडी सुरू केल्यावर हा सगळा अडथळा एका फटक्यात टळला. पुढे इतर भारतीय कंपन्यांनी ती सोय स्वीकारली. २०१३ मध्ये भारतात विक्री सुरू करणाऱ्या ॲमेझॉनलाही तिच्याशिवाय चालण्यासारखे नव्हते.

कारण केवळ बँकव्यवस्थेचे नव्हते. कार्ड घरातील एकाच्या नावावर आणि खरेदी करणारे अनेक, ही भारतीय कुटुंबातील सर्वसाधारण स्थिती होती. सीओडीमुळे स्वतःचे कार्ड नसलेली गृहिणी किंवा महाविद्यालयीन विद्यार्थी कोणाचीही परवानगी न मागता आपल्याजवळच्या पैशांतून वस्तू मागवू शकत असे.

पैशांचा प्रवास

दारात दिलेली रक्कम विक्रेत्याकडे लगेच जात नाही. वस्तू पोचवणारा कर्मचारी दिवसभराची रोकड आपल्या केंद्रावर जमा करतो. तेथून ती बँकेत जाते, पार्सलवार हिशेब जुळवला जातो आणि कुरिअर कंपनी ठरलेल्या मुदतीनंतर विक्रेत्याच्या खात्यात रक्कम वळती करते. यात काही दिवस जातात. मोठ्या विक्रेत्याला ते सोसते. घरच्या घरी दागिने किंवा मसाले विकणाऱ्याचे मात्र खेळते भांडवलच तेवढा काळ अडकून पडते.

या साखळीतील सर्वांत दुबळा दुवा म्हणजे पार्सल घेऊन फिरणारा कर्मचारी. खोटी नोट, सुट्या पैशांची चणचण, हिशेबातील तूट किंवा वाटेत होणारी लूट यांची पहिली झळ त्यालाच बसते. सीओडीच्या सोयीची चर्चा करताना ही बाजू बहुधा नजरेआड राहते.

परत जाणारा माल

ग्राहकाने पार्सल नाकारले किंवा तो घरी सापडलाच नाही, तर माल विक्रेत्याकडे परत जातो. या व्यवसायात त्याला ‘रिटर्न टू ओरिजिन’ किंवा आरटीओ म्हणतात. महाराष्ट्रात या तीन अक्षरांनी परिवहन कार्यालय आठवत असले, तरी येथे त्याचा अर्थ वेगळा आहे. आगाऊ काहीच भरलेले नसल्याने नकार देण्यात ग्राहकाचे काही जात नाही. विक्रेत्याला मात्र जाण्याचा आणि येण्याचा असा दुहेरी खर्च सोसावा लागतो. उदाहरणादाखल, एका कुर्त्यामागे ८० रुपये नफा आणि एका फेरीचा खर्च ६० रुपये धरला, तर एक पार्सल परत आल्याने १२० रुपये बुडतात, म्हणजे दीड कुर्त्याचा नफा जातो. शिवाय तो कुर्ता तेवढे दिवस दुसऱ्या कोणाला विकता येत नाही.

यावर उपाय म्हणून कंपन्या दूरध्वनीवरून किंवा ओटीपीने मागणीची खात्री करतात, सीओडीसाठी वेगळे शुल्क लावतात, आगाऊ पैसे भरणाऱ्यांना सवलत देतात किंवा परत येणाऱ्या पार्सलांचे प्रमाण जास्त असलेल्या पिनकोडसाठी ही सोयच बंद करतात. यांपैकी शेवटचा उपाय सर्वांत सोपा असला तरी सर्वांत अन्यायकारक आहे, कारण काहींच्या नकाराची शिक्षा त्याद्वारे संपूर्ण गावाला मिळते.

नोटाबंदी आणि यूपीआय

८ नोव्हेंबर २०१६ रोजी ५०० व १००० रुपयांच्या नोटा रद्द झाल्यावर सीओडीची कसोटी लागली. मूल्याच्या हिशेबाने चलनातील सुमारे ८६ टक्के नोटा बाद झाल्याने काही कंपन्यांना ही सोय तात्पुरती थांबवावी किंवा मर्यादित करावी लागली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये यूपीआयचे अनावरण झाले होते. त्याच्या प्रसाराबरोबर सीओडी लोप पावेल, असा कयास होता. प्रत्यक्षात तिचे रूप पालटले. अनेक ग्राहक आता दारात क्यूआर कोड स्कॅन करून पैसे देतात. नोटा गेल्या, पण ‘आधी माल, मग पैसे’ हा क्रम टिकला. ग्राहकांची ओढ रोकडीपेक्षा या क्रमाकडे होती, असे म्हणण्यास त्यामुळे आधार मिळतो. रोकडीचे स्वतंत्र आकर्षणही अधूनमधून डोके वर काढते: १९ मे २०२३ रोजी २००० रुपयांची नोट मागे घेण्याची घोषणा होताच, ती खपवण्यासाठी अनेकांनी सीओडीचाच आधार घेतला.

ग्राहकाचे संरक्षण

सीओडीत ग्राहक पूर्णपणे सुरक्षित असतो, ही समजूत चुकीची आहे. बहुतेक वेळा पैसे बंद खोक्याचे द्यावे लागतात. आत काय आहे ते नंतर कळते. काही वस्तूंसाठी खोके समोर उघडून दाखवण्याची सोय आहे, पण ती सार्वत्रिक नाही. न मागवलेले पार्सल आणून घरातील वृद्धांकडून पैसे घेण्याचे प्रकारही घडतात. रोख भरलेली रक्कम परत करताना बँक खात्याचा तपशील लागतो, आणि नेमका याचाच फायदा घेऊन भामटे परताव्याच्या नावाखाली यूपीआय पिन विचारतात. पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीही लागत नाही.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि तिचे निवारण एका महिन्यात करणे बंधनकारक आहे. पैसे कोणत्या मार्गाने भरले, यावर हा हक्क अवलंबून नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये अधिसूचित झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी, खरेदीच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत थोडेथोडे आकार जोडत किंमत वाढवण्याच्या क्लृप्तीला फसव्या रचनांमध्ये गणले आहे. सीओडीसाठी आकारल्या जाणाऱ्या अतिरिक्त शुल्काबाबत तक्रारी आल्यावर, केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने त्यांची चौकशी सुरू केल्याचे ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर करण्यात आले.