जुन्या ॲम्प्लिफायरची सळसळ

बडोद्याचे आणि गाण्याचे नाते जुने आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८८६ साली मौलाबक्षांनी येथे गायनशाळा काढली. पंडित भातखंडे यांच्या प्रेरणेने भरलेली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद १९१६ साली ह्याच नगरीत झाली. उस्ताद फैयाज खाँ येथेच दरबारगायक होते आणि १९५० साली त्यांचे निधनही येथेच झाले. बडोदे संस्थानचे स्वतःचे नभोवाणी केंद्र होते. ते १९४८ साली आकाशवाणीकडे आले. अशा गावात गाणे ऐकण्याची यंत्रेही पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली गेली, ह्यात नवल नाही. दांडिया बाजार, रावपुरा ह्या भागांतील मराठी घरांतून आजही माळ्यावर, कपाटाच्या माथ्यावर, जुन्या धोतरात गुंडाळलेला एखादा व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर निघतो. आजोबांनी हौसेने करवून घेतलेला, वडिलांनी ट्रान्झिस्टर आल्यावर बाजूला ठेवलेला, आणि आता नातवाला एकाएकी मौल्यवान वाटू लागलेला.

नातू तो दुरुस्तीला देतो. कारागीर वाळलेले कंडेन्सर बदलतो, ट्रान्सफॉर्मर तपासतो, व्हॉल्व्ह नवे घालतो. काचेच्या नळ्यांतून तो नारिंगी प्रकाश पुन्हा दिसू लागला की घरातील वडीलधाऱ्यांचे डोळे पाणावतात. मग त्याला शोभतील असे स्पीकर आणले जातात. हल्ली हौशी मंडळींची पसंती भोंग्याच्या, म्हणजे कर्ण्याच्या जातीच्या स्पीकरांना असते. बोलपटगृहांत पूर्वी असत तसे. आणि येथेच तक्रारीला आरंभ होतो. सुई तबकडीवर टेकण्यापूर्वी, गाणे लागण्यापूर्वी, दूर कोठे पाऊस पडत असावा तसा अखंड ‘शूऽऽ’ असा आवाज स्पीकरमधून येत राहतो. फैयाज खाँसाहेबांची आकाशवाणीसाठी झालेली काही गायने पुढे लाँगप्ले तबकड्यांवर निघाली. त्यांतील नोम्‌तोम्‌च्या आलापात दोन सुरांच्या मध्ये जी शांतता असते, ती ह्या सळसळीने झाकोळून जाते. ऐकणाऱ्याला राहवत नाही.

आमच्या परिचयातील एका गृहस्थांनी ह्या आवाजापायी तीन वेळा व्हॉल्व्ह बदलले. दर वेळी दुकानदाराने आधीच्याहून महाग नळ्या दिल्या, आवाज तसाच राहिला. शेवटी ते यंत्र विकून टाकायला निघाले. “अहो काका, यंत्र विकू नका, आधी आवाज शिरतो कोठून ते तर पाहू,” असे एका तरुण कारागिराने त्यांना सांगितले, म्हणून ते थांबले. हा तरुण बोलला ते शास्त्राला धरून होते.

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा. जुन्या यंत्रातून येणारा प्रत्येक नकोसा आवाज एकच नव्हे. ‘घूंऽऽ’ असा जाड आवाज येतो तो विजेच्या मुख्य प्रवाहाचा. त्याचे मूळ बहुधा थकलेल्या फिल्टर कंडेन्सरात किंवा चुकीच्या अर्थिंगमध्ये असते. अधूनमधून तडतड होते ती मळलेल्या पिनांची, सैल सॉकेटची किंवा झिजलेल्या व्हॉल्यूम कंट्रोलची. आपण ज्याविषयी बोलतो आहोत ती सळसळ ह्या दोहोंहून निराळी, कारण ती काही अंशी बिघाड नसतेच. कोणत्याही वाहकातील विद्युत्कण उष्णतेमुळे अखंड थरथरत असतात आणि त्या थरथरीचा अतिसूक्ष्म दाब वाहकाच्या टोकांवर उमटतो. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन्सन ह्यांनी हे मोजले व नायक्विस्ट ह्यांनी त्याचे गणित मांडले. दोघांचे लेख १९२८ साली प्रसिद्ध झाले. त्याआधी, १९१८ साली, जर्मनीत शॉट्की ह्यांनी दाखवून दिले होते की व्हॉल्व्हमधील प्रवाह हा सलग धार नसून सुट्या कणांचा वर्षाव आहे, आणि पत्र्यावर पडणाऱ्या पावसासारखा त्याचाही आवाज होतो. म्हणजे ‘दूरच्या पावसाची’ उपमा केवळ उपमा नाही.

उष्णतेचे नाव निघाले म्हणून एक गमतीची गोष्ट सांगतो. बडोद्याच्या उन्हाळ्यात यंत्र अधिक सळसळत असणार, असे कित्येकांना वाटते. पारा ४४ अंशांवर असो वा पौषातल्या पहाटे १२ अंशांवर, ह्या आवाजात पडणारा फरक अर्ध्या डेसिबेलाहून कमी असतो. तो कानाला कळणे नाही. उलट तक्रारी येतात त्या हिवाळ्यात, कारण तेव्हा डोक्यावरचा पंखा बंद असतो!

मग आजोबांना हा आवाज का ऐकू आला नाही? आवाज तेव्हाही होता. पण त्यांचा स्पीकर लाकडी पेटीतला, एकच मोठा कागदी शंकू असलेला; उंच पट्टीतले सूक्ष्म नाद तो फारसे बाहेर टाकतच नसे, आणि सळसळ नेमकी त्या पट्टीत कानाला बोचते. शिवाय प्रश्न संवेदनशीलतेचा आहे. साधारण घरगुती स्पीकर एक वॅट शक्तीला एक मीटर अंतरावर ८६ डेसिबेल आवाज देतो. कर्ण्याचा स्पीकर तेवढ्याच शक्तीला १०० च्या पुढे जातो, कारण तो मुळी दहा-वीस वॅटांच्या ॲम्प्लिफायरवर सारे बोलपटगृह भरून टाकण्यासाठी घडवला गेला. आता हिशोब करू. ॲम्प्लिफायरच्या बाहेरच्या टोकाला एक मिलिव्होल्ट सळसळ असेल, तर आठ ओहमांच्या साध्या स्पीकरवर ती सुमारे १७ डेसिबेल भरते. रात्रीच्या निवांत खोलीतही ती हरवून जाईल. तोच ॲम्प्लिफायर १०१ डेसिबेलांच्या कर्ण्याला जोडला की ती ३२ वर जाते आणि चांगली ऐकू येते. यंत्र तेच, आवाज तोच, जोडीदार मात्र बदलला. दोष द्यायचाच तर तो ह्या जोडीला द्यावा लागेल. नळ्या बदलून जोडी जुळत नाही.

म्हणून त्या तरुणाने पहिली कसोटी घेतली ती व्हॉल्यूमच्या खुंटीची. खुंटी पूर्ण शून्यावर आणली तरी आवाज तसाच राहिला, तर तो खुंटीच्या पुढच्या भागात जन्मतो. खुंटी फिरवताच वाढला, तर तो तिच्या मागे आहे, आणि तेथील पहिला व्हॉल्व्ह व त्याचा परिवार हे संशयित ठरतात. कारण पहिल्या पायरीवर शिरलेला आवाज पुढच्या सर्व पायऱ्या वाढवत नेतात. खुंटी मध्यावर असताना आवाज सर्वांत अधिक आणि दोन्ही टोकांना कमी, असे झाले तर तो खुद्द खुंटीच्या रोधाचा असतो. यंत्र स्टिरिओ असेल तर डाव्या-उजव्या बाजूचे पहिले व्हॉल्व्ह आपसांत बदलून पाहावे. आवाजानेही बाजू बदलली तर व्हॉल्व्ह दोषी, न बदलली तर निर्दोष. ह्या परीक्षेला एक पैसाही लागत नाही. यंत्र बंद करूनच, व नळ्या निवल्यावरच, ही अदलाबदल करावी हे सांगायला नकोच.

व्हॉल्व्ह निर्दोष ठरला की दृष्टी वळवावी ती कार्बनच्या जुन्या रोधकांकडे, ज्यांना आपले कारागीर ‘रेझिस्टन्स’ म्हणतात. व्हॉल्व्हच्या ॲनोडला दाब पुरवणारा रोधक बहुधा एक लाख ओहमांच्या आसपासचा असतो. हे कार्बनचे रोधक कण दाबून बनवलेले. त्यांतून प्रवाह वाहू लागला की उष्णतेच्या थरथरीवर आणखी एक आवाज चढतो, आणि दाब जितका अधिक तितका तो अधिक. वर्षानुवर्षांच्या पावसाळी दमटपणाने त्यांची किंमतही बदललेली असते. त्यांच्या जागी मेटल फिल्मचे रोधक बसवले की हा वरचा आवाज जवळजवळ नाहीसा होतो. खर्च मामुली असतो. पण झाडून सारे रोधक बदलण्याचा जो उत्साह काही कारागिरांत दिसतो, तो मला पसंत नाही. पहिल्या पायरीतले दोन-चार बदलावेत, बाकीचे मोजून योग्य असतील तर राहू द्यावेत. आजोबांच्या यंत्रात आजोबांच्या वेळचे काही उरायला हवे.

हे काम मात्र घरच्या घरी करण्याजोगे नाही. अशा यंत्रांत तीनशे व्होल्टांच्या घरातला दाब असतो आणि बटण बंद केल्यावरही तो कंडेन्सरांत साठून राहू शकतो. जाणत्या हातांनीच पेटी उघडावी.

एवढे करूनही कर्ण्यातून थोडी सळसळ उरतेच. ती खुंटीच्या पुढची असेल तर खरा उपाय ॲम्प्लिफायर आणि स्पीकर ह्यांच्या मध्ये आहे. तेथे दोन जाड तारांचे रोधक असे जोडावेत की शक्तीचा दहावा हिस्साच स्पीकरला पोहोचेल. आठ ओहमांच्या स्पीकरसाठी मालिकेत साडेपाच ओहमांचा आणि स्पीकरला समांतर ३.७ ओहमांचा रोधक, दोन्ही दहा वॅट सोसणारे, एवढ्याने सळसळ दहा डेसिबेलांनी उतरते. ॲम्प्लिफायरला समोर आठ ओहमच दिसत राहतात, हे महत्त्वाचे. व्हॉल्व्हचे यंत्र भाराविना चालवले तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळण्याची भीती असते. नव्वद टक्के शक्ती उष्णतेत घालवणे पुष्कळांच्या जिवावर येते. पण दहा वॅटांपैकी एक वॅट पोहोचला तरी असा कर्णा एका मीटरवर १०१ डेसिबेल देतो. बैठकीच्या खोलीत त्याच्या निम्माही आवाज शेजारी सहन करणार नाहीत.

ज्यांच्याकडे केवळ ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या आहेत, त्यांनी ह्या खटाटोपात न पडलेले बरे. खाँसाहेबांची ललत किंवा जयजयवंतीची तबकडी लावली की तिची स्वतःची खरखर इतकी असते की ॲम्प्लिफायरची सळसळ तिच्याखाली गडप होते. तीन-साडेतीन मिनिटांत गाणे संपते, सुई उचलली जाते आणि मग पुन्हा ती ऐकू येते, इतकेच.

त्या गृहस्थांच्या यंत्रात पहिल्या पायरीतले चार रोधक बदलले गेले आणि स्पीकरमागे वर सांगितलेली जोडणी बसली. दुकानदाराच्या महागड्या नळ्या त्यांनी खोक्यात ठेवल्या असून जुन्याच नळ्या पुन्हा बसवल्या आहेत. काढलेले चार रोधक एका पाकिटात घालून, वर कोणता कोठला होता ते लिहून, त्या तरुणाने ते पाकीट पेटीच्या आतल्या बाजूला दोऱ्याने बांधून ठेवले आहे.