काठीचा ढोल आणि खिशातला स्पीकर

तुमच्या काठीच्या राजवाडी होळीत रात्रभर मोठे ढोल घुमतात आणि पहाटे होळी पेटते. तो ढोल कानांइतकाच छातीत ऐकू येतो. पण कामासाठी गुजरातेत गेलेला तुमचा पोरगा त्याचाच व्हिडिओ मोबाइलवर लावतो, तेव्हा नुसती टकटक ऐकू येते. असं का?

स्पीकरमध्ये लोहचुंबक असतो आणि पातळ पडद्याला चिकटवलेली तारेची गुंडाळी. तारेतून उलटसुलट वीज वाहिली की गुंडाळी मागेपुढे होते, पडदा थरथरतो, हवेला ढकलतो. म्हणजे तत्त्व ढोलाचंच. तिथं टोला, इथं वीज.

आमच्या न्यायदर्शनात ‘वीचीतरंगन्याय’ सांगतात: पाण्यात लाटेतून लाट उठते, तसा शब्दातून शब्द. त्यांनी आकाश मानलं, आज आपण हवा म्हणतो. हवा जागच्या जागी हलते. पुढे जाते ती थरथर, सेकंदाला सुमारे 340 मीटर.

सेकंदाला साधारण 20 ते 20,000 कंपनं माणसाला ऐकू येतात. कंपनं कमी, तितका आवाज खर्जातला. आणि खर्ज मोठ्यानं ऐकवायला पुष्कळ हवा हलवावी लागते. सूप हलवलं तर वारा लागतो, चमचा हलवून लागेल का? ढोलाचं कातडं म्हणजे सूप, मोबाइलचा पडदा म्हणजे चमचा.

तेव्हा पोराला सांगा, कानात घट्ट बसणारे इअरफोन लाव. तिथं कानातली चिमूटभर हवाच हलवायची असते, म्हणून खर्ज बराचसा परत येतो. छातीतला ढोल मात्र येत नाही. त्यासाठी होळीला घरीच यावं लागतं.