लेबल सरकलं तर काय करावं?

कोल्हापूरचा गूळ नामांकित. 2014 साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आता गावोगावचे बचत गट गूळ, काकवी, चटणी भरून विकतात. माल विकायचा म्हटलं की लेबल आलंच.

आमच्या कोडोलीत एका गटानं काकवीच्या बाटल्यांसाठी लेबलं छापली. चिकटवून बाटल्या बाजारात नेल्या. गिऱ्हाईक म्हणालं, “बाटलीवर 18 रुपये लिहिलंय. तुम्ही 180 कसे मागता?” बघतात तो काय, छपाई उजवीकडं सरकलेली! शेवटचं शून्य शेजारच्या लेबलावर गेलेलं.

गटाच्या आक्का माझ्याकडं आल्या. म्हणाल्या, “गुरुजी, यंत्र बिघडलं जणू.”

मी म्हणालो, “आक्का, यंत्र न्हाई, माप बिघडलंय.”

लेबलांचा ताव आधीच कापलेला असतो. एका तावावर 24 लेबलं असली, तर आठ आडव्या ओळी आणि ओळीत तीन लेबलं. प्रिंटरला हे काप दिसत नाहीत. आपण सांगू त्या मापानं तो शाई टाकतो. पाभर जिथून चालेल तिथंच बी पडतं, तसंच हे.

म्हणून आधी साध्या कागदावर छापा. तो कागद लेबलांच्या तावावर ठेवा. कडा जुळवून उजेडाकडं धरा. मग फूटपट्टीनं मोजा. चूक तीन तऱ्हेची असते.

पहिली तऱ्हा. सगळी लेबलं सारखीच सरकलेली असतात. समजा, 3 मिलिमीटर उजवीकडं. मग संगणकात डावा समास 3 मिलिमीटरनं कमी करावा. खाली सरकली असतील, तर वरचा समास तेवढाच कमी करावा.

दुसरी तऱ्हा. वरची ओळ बरोबर, पण खाली खाली चूक वाढत जाते. दर ओळीला 1 मिलिमीटर चुकला, तर आठव्या ओळीला 7 मिलिमीटर होतात. इथं समास बदलून भागत नाही. लेबलाची उंची किंवा दोन ओळींमधलं अंतर चुकीचं भरलेलं असतं. ते मोजून नीट भरावं.

कधी प्रिंटरच सगळं पान आखडून छापतो. छापताना ‘फिट टू पेज’ निवडू नये. ‘ॲक्च्युअल साइज’, म्हणजे शंभर टक्के, निवडावं. कागदाचं मापही बघावं. आपला ए-फोर ताव 210 मिलिमीटर रुंद आणि 297 लांब. संगणकात ‘लेटर’ हे अमेरिकेतलं माप राहिलं असेल, तर ते 216 रुंद आणि 279 लांब. लांबीत 18 मिलिमीटरचा फरक! मग छपाई जुळणार कशी?

तिसरी तऱ्हा. छपाई तिरकी येते. इथं ताव वाकडा आत जातो. कागद ठेवायच्या जागी दोन्ही बाजूंना सरकत्या पट्ट्या असतात. त्या तावाला अलगद टेकवाव्यात. ढिल्या नकोत, आवळूनही नकोत.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. मजकूर लेबलाच्या कडेपासून 2-3 मिलिमीटर आत असावा. थोडं सरकलं तरी अक्षर तुटत नाही. आणि काही लेबलं काढून घेतलेला ताव पुन्हा प्रिंटरमध्ये घालू नका. उरलेलं लेबल सुटून आत चिकटलं, तर दुरुस्तीचा खर्च अंगावर येतो.

आक्कांनी समास दुरुस्त केला. साध्या कागदावर दोनदा छापून पाहिलं. मग ताव घातला. शून्य जागेवर आलं.

शून्य लहान दिसतं, पण व्यवहार त्यावर चालतो. बंद मालावर कुणी बनवला त्याचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, महिना व साल आणि जास्तीत जास्त किंमत छापावी, असा 2011 सालचा नियम आहे. यातलं एक अक्षर तुटलं तरी गिऱ्हाइकाचा विश्वास तुटतो.

म्हणून छापलेलं पहिलं लेबल स्वतः वाचा. यंत्राला छापता येतं, वाचता येत नाही. तुम्हांला आता वाचता येतं.