डबा, ड्यूटी आणि डिग्री

नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ सालचं. ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’. अभ्यास घरी, संपर्कसत्रं बहुधा सुट्टीच्या दिवशी. म्हणजे रविवारचा स्वयंपाक कोण करणार, हे प्रवेशाआधीच ठरवून घ्या! ‘बाहेरून केलेली डिग्री’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांसाठी: मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची, हे यूजीसीने २०२२मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे. आता अभ्यासासाठी रजेचं म्हणाल, तर केंद्र सरकारी नोकरीतल्या आईला संपूर्ण सेवेत ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते. मुलांचं शिक्षण, आजारपण त्यात बसतं. तिची स्वतःची परीक्षा मात्र बसत नाही. फी भरण्याआधी त्या वर्षासाठी अभ्यासक्रमाला मान्यता आहे ना, हे यूजीसीच्या यादीत स्वतः तपासा.