दिल्ली ते काठमांडू: पंधरा मिनिटांची गंमत

दिल्ली आणि काठमांडूच्या विमानतळांमध्ये सरळ रेषेत सुमारे 815 किलोमीटर. प्रवास साधारण पावणेदोन तासांचा, पण घड्याळ फसवतं! नेपाळची वेळ आपल्यापुढे 15 मिनिटं, कारण ती गौरीशंकर शिखरावरच्या रेखावृत्तावरून ठरते. सकाळी 10 ला निघालात, तर उतरताना तिथल्या भिंतीवर 12 वाजलेले. परतीला मात्र ही 15 मिनिटं परत मिळतात.

आणखी एक, मला स्वतःला नकाशा उघडेपर्यंत पटलं नव्हतं: काठमांडूचा त्रिभुवन विमानतळ दिल्लीच्या किंचित दक्षिणेला आहे! धावपट्टी एकच, त्यामुळे गर्दीत विमान दरीवर घिरट्या घालतं. हरकत नाही, हिमशिखरं जास्त वेळ दिसतात.

जाताना डावीकडची खिडकी घ्या. पासपोर्ट नसेल तर मतदार ओळखपत्र न्यायला विसरू नका.