भीती क्लोरीनची नको, गढूळ पाण्याची हवी

पावसाळा सुरू झाला की आमच्या ओपीडीत जुलाबाचे रुग्ण वाढतात. मागे एक आजी चार वर्षांच्या नातवाला घेऊन आल्या. मुलाचे डोळे खोल गेलेले, लघवी सकाळपासून झालेली नाही. लगेच सलाइन लावावे लागले. गावच्या विहिरीत टीसीएल पावडर टाकतात का, असे विचारल्यावर आजी म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, पोरानं मोबाईलवर वाचलं, त्या पावडरीनं कॅन्सर होतो. तवापास्नं आमी टाकू देत न्हाई.”

आजींच्या मुलाने वाचलेले सगळेच खोटे नव्हते. नदी, तलाव, विहिरीच्या पाण्यात कुजलेला पालापाचोळा, शेवाळ, माती यांतून आलेले सेंद्रिय पदार्थ विरघळलेले असतात. क्लोरीन जंतूंना मारते, तसेच या पदार्थांशीही त्याची अभिक्रिया होते. त्यातून ट्रायहॅलोमिथेन, हॅलोअ‍ॅसिटिक आम्ले अशी उपउत्पादने तयार होतात. एके काळी भूल देण्यासाठी वापरले जाणारे क्लोरोफॉर्म हे त्यांपैकीच एक. नेदरलँड्समधील रॉटरडॅमचे रसायनशास्त्रज्ञ योहान्स रूक यांनी 1974 मध्ये हे प्रथम दाखवून दिले.

मोठ्या मात्रेत क्लोरोफॉर्म दिलेल्या उंदरांमध्ये यकृताच्या व मूत्रपिंडाच्या गाठी आढळल्या. अशी उपउत्पादने जास्त असलेले पाणी अनेक दशके पिणाऱ्यांत मूत्राशयाच्या कर्करोगाचे प्रमाण थोडे अधिक दिसते, असे काही अभ्यास सांगतात. मात्र कारण तेच, हे सिद्ध झालेले नाही. म्हणूनच मर्यादा घातलेल्या आहेत. भारतीय मानकानुसार एक लिटर पिण्याच्या पाण्यात क्लोरोफॉर्म 0.2 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे.

आता दुसरी बाजू पाहा. निर्जंतुक न केलेले पाणी कॉलरा, विषमज्वर, कावीळ, हगवण देते आणि तेही काही दिवसांत किंवा आठवड्यांत. लहान मूल तर जुलाबाने एका दिवसात अत्यवस्थ होऊ शकते. उपउत्पादनांचा धोका अपुऱ्या निर्जंतुकीकरणाच्या धोक्यापुढे अत्यंत कमी आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट म्हटले आहे.

मग करायचे काय? पाण्यात सेंद्रिय घाण जितकी जास्त, तितकी ही रसायने अधिक. म्हणून क्लोरीन बंद करू नका, आधी घाण कमी करा. पावसाळ्यापूर्वी विहिरीतला गाळ व पाला काढावा, कठडा बांधावा. पाणी गढूळ असेल तर तुरटी फिरवून, निवळू देऊन, गाळून मगच क्लोरीन टाकावे. 33 टक्के क्लोरीन असलेली ताजी टीसीएल पावडर हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम पुरते. ती बादलीत कालवून, चोथा खाली बसल्यावर वरचे पाणी विहिरीत ओतावे आणि अर्धा तास थांबावे. ओटी टेस्टमध्ये पाणी पिवळे झाले, म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे. पावडरची पिशवी उघडी राहिली तर तिची ताकद जाते.

घरी पाणी उकळल्यास जंतू मरतात आणि क्लोरोफॉर्मसारखे उडून जाणारे पदार्थही बरेचसे निघून जातात. फक्त स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवावी. कार्बन असलेला फिल्टर ही रसायने कमी करतो, पण तो क्लोरीनही काढून टाकतो. त्यामुळे असे पाणी झाकून ठेवावे, त्याच दिवशी संपवावे आणि कार्ट्रिज वेळेवर बदलावे.

तिसऱ्या दिवशी नातू वॉर्डात धावू लागला. घरी जाताना आजींनी विचारले, “मग पावडर टाकू द्यायची ना?” मी म्हटले, “टाकू द्या, आजी. पण त्याआधी विहिरीतला पाला काढायला पोराला सांगा.”