यंत्रानं काय सोडलं?

क्योतोमधल्या कोदाइजी या १६०६ सालच्या झेन मंदिरात २०१९ मध्ये एक नवा प्रवचनकार उभा राहिला. उंची १९५ सेंटिमीटर. चेहरा नि हात सिलिकॉनचे, बाकी अंगभर ॲल्युमिनियमचा सांगाडा आणि उघड्या तारा. नाव माइंडर. जपानी लोक जिला कान्नोन म्हणतात त्या करुणादेवतेचं हे यंत्ररूप. म्हणजे आपल्या अजिंठ्याच्या भिंतीवरचा अवलोकितेश्वरच, देशोदेशी फिरून तिथवर पोचलेला. ओसाका विद्यापीठाचे हिरोशी इशिगुरो यांच्या साथीनं तो घडला, खर्च सुमारे १० कोटी येन. प्रवचन प्रज्ञापारमिता हृदयसूत्रावर, विषय शून्यता. (आत खरोखरच कोणी नाही, असा वक्ता या विषयाला दुसरा कुठून मिळणार!) त्याचं बोलणं मात्र तेव्हा आधीच भरून ठेवलेलं होतं.

मग संशोधकांनी भाविकांनाच गाठलं. जोशुआ कॉनराड जॅक्सन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. कोदाइजीत ३९८ जणांना विचारलं, तेव्हा माइंडरवर भिक्षूपेक्षा कमी विश्वास बसलेला आढळला आणि दानही कमी पडलं. सिंगापूरच्या ताओ मंदिरात पेपर नावाच्या यंत्रमानवाच्या वाट्यालाही तेच आलं. मला सगळ्यांत बोलका वाटतो तो तिसरा प्रयोग. अमेरिकेतल्या २७४ ख्रिस्ती लोकांना एक प्रवचन वाचायला दिलं. काहींना सांगितलं, माणसानं लिहिलंय, काहींना सांगितलं, कृत्रिम बुद्धिमत्तेनं. यंत्राचं नाव ऐकलेल्यांना ते कमी पटलं.

कारण मानववंशशास्त्रज्ञ जोसेफ हेन्रिक यांनी २००९ मध्येच मांडलं होतं: श्रद्धेपायी ज्यानं पदरचं काही खर्चलं, सोसलं, त्याच्या शब्दावर माणसं विश्वास ठेवतात. वारकऱ्यांना हे सांगायला नको. कीर्तनकाराचं पाठांतर ऐकलं जातंच, पण त्याची माळ, एकादशी, पायी वारी यांचीही गावाला खबर असते. यंत्राला उपास घडतच नाही, तर मोडणार काय?

म्हणून यंत्राच्या उत्तरांतल्या चुका मी गौण मानतो. २०२३ साली आपल्याकडे गीतेच्या नावानं चॅटबॉट निघाले आणि त्यांतल्या काहींनी धर्मासाठी हत्याही योग्य ठरवली. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ‘फादर जस्टिन’ या चॅटबॉटनं खेळाडूंच्या पेयानं बाप्तिस्मा चालेल असं सांगितलं, काही दिवसांतच त्याचं पाद्रीपद गेलं. अशा चुका दुरुस्त होतात.

अडचण ल्युसर्नची आहे. स्वित्झर्लंडमधल्या या शहराच्या सेंट पीटर चॅपेलमध्ये, कबुलीजबाबाच्या कोठडीत, २०२४ मध्ये जाळीपलीकडून येशूचा चेहरा बोलू लागला, तोही शंभर भाषांत. सुमारे ९०० संवाद झाले. अभिप्राय देणाऱ्या २३०हून अधिक जणांपैकी दोन-तृतीयांशांना तो आध्यात्मिक अनुभव वाटला. हे आकडे माझ्या म्हणण्याच्या आड येतात आणि ते झाकून चालणार नाही. कोणी हसणार नाही या भरवशावर माणूस यंत्रापाशी मोकळा होतो. त्याला मी कमी लेखत नाही. पण मन हलकं झालं म्हणजे पालटलं असं नव्हे. त्यासाठी उद्या पुन्हा भेटून ‘काय झालं रे त्याचं?’ असं विचारणारं, वेळेला कान उपटणारं कोणी लागतं.

प्रयोग दोन महिन्यांत आटोपला. असं यंत्र कायमचं बसवायचं तर जबाबदारी फार मोठी ठरेल, असं चॅपेलचे धर्मशास्त्रज्ञ मार्को श्मिड यांनीच सांगितलं.